चार बोटं कमी

दरेकसा,
दि. ९ मार्च २०२५

ती. अल्काआत्यास,
खुशबूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पाकिटातून पांढरा नाडा निघाला म्हणून दचकू नकोस. ते माझ्या कमरेचं माप आहे. आईने जुन्या परकराचा नाडा माझ्याभोवती गुंडाळला आणि टोकाला टोक भेटलं तिथे कात्रीने कापला. घरात मापाची टेप नाही. फोन करायचा तर स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला जाऊन हात वर करून उभं राहावं लागतं. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

औषधाचे दोन महिने पूर्ण झाले. जानेवारीत क्षय निघाला तेव्हा तेहेतीस किलो होते, आता छत्तीस. भूक अशी लागते की राजदीप म्हणतो, घरात बहीण नाही, धान भरडायची गिरणी आहे. डॉक्टरांच्या मते जुलैत औषध संपेल.

चंद्रकुमार शेठांचा निरोप आला. छतावर सौरपॅनल बसवणाऱ्या त्यांच्या टोळीतली माझी जागा ते एक ऑगस्टपर्यंत ठेवणार आहेत. वजन पंचेचाळीस झाल्याशिवाय आणि दवाखान्याचा कागद आणल्याशिवाय शिडीला हात लावू देणार नाही, असंही त्यांनी बजावलं आहे. ते बरोबरच आहे. बाबांनी घरामागच्या मोहाच्या झाडाला शिडी टेकवून दिली आहे, मी रोज सराव करते. पण सलवार प्रत्येक पायरीत अडकते. मला जीन्स हवी. माझी तीस नंबरची होती, ती आईने डिसेंबरात कापून बाजाराची पिशवी शिवली. का, ते मी विचारलं नाही. तेव्हा मी भिंत धरून अंगणात जात होते.

स्वस्त बघ. ही फार दिवस पुरू नये अशी इच्छा आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
खुशबू


गोंदिया,
दि. १९ मार्च २०२५

चि. खुशबूस,
अनेक मंगल कामना.

नाडा मोजला. साडेचोवीस इंच. तेहेतीस वर्षं शाळेत मुलांना मोजायला शिकवलं, पण फूटपट्टीवरचा आकडा खोटा ठरावा असं वाटायची ही पहिलीच वेळ. असो. रडकं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आधी काचेच्या मोठ्या दुकानात गेले. किंमत चौदाशे. मी त्या पोराला म्हटलं, ज्या अंगात ही जायची आहे ते अंग दोन महिन्यांत हिला मागे टाकणार आहे, मग चौदाशे कशाचे? त्याला कळलं नाही. मग बाजारात टीनाच्या गाळ्यावर गेले. कारखान्यातून बाजूला काढलेला माल तिच्याकडे येतो. एखादी शिवण तिरपी, एखादं बटण वेगळं. एवढी बारीक कंबर ऐकून टीना खूश झाली आणि हिंदीत विचारू लागली की भाची कोणतं डाएट करते, तिलाही सांगा. तिथेच माझं डोकं फिरलं. भर बाजारात सांगितलं की बाई गं, आमच्या पोरीचं वजन खाली नाही, वर चाललं आहे. कमी होण्यासाठी बायका पैसे मोजतात आणि त्याला सौंदर्य म्हणतात. आमच्या घरी एकेक किलो औषधाच्या गोळीशी भांडून परत आणला जातो. ज्या दिवशी माझी भाची तीस नंबर मागेल त्या दिवशी मी पेढे वाटीन. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. एकीने टाळी वाजवली.

मग खिशांवरून दुसरं भांडण. बायकांच्या जीन्सला खिसा नाही, खिशाची नुसती शिवण! आत हात जाईना. मी विचारलं, माझ्या मुलीने टेस्टर आणि पाना कुठे ठेवायचा, डोक्यात? शेवटी पुरुषांच्या ढिगातली सव्वीस नंबरची मिळाली, अडीचशेला. खिसा मनगटापर्यंत खोल. टीनाशी बोलीही केली आहे. न फाटता, धुऊन परत आणली तर पुढचा नंबर ऐंशी रुपयांत. तिला वाटलं वर्षातून एकदा येईन. तिने तुला जेवताना पाहिलेलं नाही.

अंडी खा. शिडीवर घाई नको. मला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
अल्काआत्या


दरेकसा,
दि. ६ मे २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सव्वीस नंबर परत पाठवते आहे. न फाटता, धुऊन! पहिल्या दिवशी ती पट्ट्याशिवाय उभी राहत नव्हती. आता बटण लावायला राजदीपला हाक मारावी लागते आणि तो आधी दोन रुपये मागतो. वजन एक्केचाळीस. सोबत नवा नाडा.

शिडीच्या साऱ्या पायऱ्या आता एका दमात चढते. वर पोचले की मोहाच्या फांदीला हात लावते आणि उतरते. बाबा खाली शिडी धरून उभे असतात आणि दर वेळी म्हणतात की मी काही बघत नाही, मी शिडी धरली आहे.

आई मात्र विचित्र वागते आहे. मी बरी दिसते असं कोणी म्हटलं की ती मला आत पाठवते. परवा आजूबाजूच्या बायका आल्या तर मला गोधडी पांघरून बसायला लावलं, मे महिन्यात! मी विचारलं तर म्हणाली, गुमान बस.

तुझी नजर आमच्यावर अशीच असू दे.
खुशबू


गोंदिया,
दि. १६ मे २०२५

चि. खुशबूस, मंगल कामना.

साडेसत्तावीस! टीनाने सव्वीस परत घेताना उलटीपालटी करून पाहिली. एकही खोट सापडली नाही तेव्हा तोंड वाकडं केलं. अठ्ठावीस पाठवली आहे. रंग जरा गाढवासारखा आहे, पण खिसे उत्तम.

आईचं मनावर घेऊ नकोस. तिने तुला अंगणात भिंत धरून चालताना पाहिलं आहे.

पत्र लिहीत जा, म्हातारीला करमतं.
अल्काआत्या


दरेकसा,
दि. १७ जून २०२५

ती. आत्यास, जयभीम.

घाईत लिहिते. उपकेंद्रातल्या ताई रजेवर गेल्या आहेत, म्हणून या महिन्यात वजन झालं नाही. परवा पावसात भिजले, दोन दिवस अंग कसकसलं, आता ठीक. धानाचे पऱ्हे टाकायची लगबग आहे. माप आई घेईल आणि पाकीटही तीच बंद करील.

बाकी भेटीत. लोभ सांभाळून ठेव.
खुशबू


गोंदिया,
दि. २७ जून २०२५

चि. खुशबूस,
मंगल कामना.

आठ दिवस झाले, तुझ्या बाबांचा फोन लागत नाही. लागला तरी फोनवर तू हसून वेळ मारून नेली असतीस. म्हणून लिहिते आहे, आणि खरं उत्तर मागते आहे.

नाडा सव्वीस इंच भरला. मी चार वेळा मोजला. मेमध्ये साडेसत्तावीस होता. दीड इंच कमी, वजन झालेलं नाही, आणि तू लिहितेस अंग कसकसलं.

तुला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीला, तुझ्या बाबांच्या पाठच्या शामकलाला, हाच आजार होता. ती थोडी भरली, आम्ही आनंदलो, तिने गोळ्या सोडल्या आणि पुन्हा उतरली. तिचा फ्रॉक आई दर महिन्याला शिवणीतून आत घेत असे. मी दहा वर्षांची होते आणि सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं होतं. म्हणून कमी झालेलं माप मला वाचता येतं.

काल चंद्रकुमार शेठ रस्त्यात भेटले. दुसरी मुलगी ती जागा मागायला आली आहे, पाच जुलैपर्यंत नक्की सांगा म्हणाले. सभेत हजार माणसांसमोर मी कधी उत्तर उद्यावर ढकललं नाही. काल ढकललं. आठवडाभराने सांगते म्हटलं आणि घरी आले.

गोळ्या चालू आहेत ना? एकही चुकली आहे का? चुकली असेल तर मी रागावणार नाही, फक्त सांग. आणि हे पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा. नोकरीचं नंतर बघू. जागा गेली तर दुसरी येईल. तू जाऊ नकोस.

अल्काआत्या


दरेकसा,
दि. १ जुलै २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

आधी आकडे. एकही गोळी चुकलेली नाही. कामाच्या पेटीत गंजत पडलेली माझी लोखंडी टेप आज शोधून काढली. कंबर साडेएकोणतीस इंच! राजदीपने मला राशनच्या दुकानात नेऊन तांदळाच्या काट्यावर उभं केलं. पंचेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, पोतं कोणत्या कार्डावर लिहू? तिथून तशीच डॉक्टरांकडे गेले. छाती साफ आहे, पंधरा जुलैला शेवटची गोळी आणि मग कागद. अठ्ठावीसचं बटण तर पंधरा दिवसांपासून लागतच नाही. मला वाटलं, नाडा सांगेल तुला.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचलं. सव्वीसचा आकडा आला तसा आईच्या हातातला घास ताटात पडला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग ती म्हणाली की नाडा तिने माप घेतल्यावर कापला होता. चार बोटं. मी ओरडले, आत्या. आजारपणात कधी ओरडले नव्हते इतकी ओरडले. माझी जागा जाणार होती, तू तिकडे मरणाला टेकली होतीस, आणि इथे कात्री चालली होती!  आईने ताट बाजूला सारलं आणि राजदीपला कागद घ्यायला सांगितला. तिचं पत्र याच पाकिटात आहे. मी वाचलेलं नाही, तिने वाचू दिलं नाही.

हे पाकीट पोस्टाने नाही, राजदीपच्या हाती सकाळच्या लोकलने पाठवते आहे. चंद्रकुमार शेठांना आजच जाऊन सांग. खुशबू येते आहे.

तुझीच,
खुशबू


दरेकसा,
दि. १ जुलै

ती. ताईले पार्वताचा जयभीम.

राजदीप लिवून राहिला, मी सांगून राहिली. नाडा मीच कापला. कायले कापला ते आयका.

त्या दिशी बोरिंगवर पाण्याले गेली तं जमुनाबाई साऱ्या बायांपुढं म्हणाली का तुही पोरगी कशी भरली व, गाल कसे वर आले. मी पाण्याचा गुंड अर्धाच भरून घरी आली. ताई, माहा पहिला बाबू तुमी पाह्यला होता. आठ महिन्याचा, असाच गुबगुबीत. मंडईच्या जत्रेत ज्यानं त्यानं उचलला, किती जड आहे म्हणे, किती जड आहे. तिसऱ्या दिशी तापानं गेला.

तवापासून मी कोणत्याच लेकराले बरं आहे म्हणून सांगतलं नाही. कोणी इचारलं तं म्हणते, आहे तशीच आहे. आता नाडा पोस्टात जाते, किती हातातून जाते, कोण मोजून पाहील का ठाऊक. म्हून चार बोटं कमी केली. पँट थोडी तंग आली तं काय होते, असं वाटलं. तुमाले शामकला आठवन हे माह्या ध्यानात आलं नाही.

डिसेंबरात तिची पँट कापली तेही मीच. दारामागं लटकलेली पाहावत नव्हती.

तुमी रागवा, मले जे बोलाचं ते बोला. पण पोरीची जागा जाऊ देऊ नोका.

पार्वता


गोंदिया,
दि. २ जुलै २०२५

चि. सौ. पार्वतास,
जयभीम, आणि बरेच काही.

राजदीप समोर बसून पोहे खातो आहे. त्याच्याबरोबरच हे उत्तर पाठवते.

शेठांकडे पत्र वाचून तडक गेले, चपला उलट्या घालून. खुशबू एक तारखेला हजर राहील असं त्यांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं. जागा आपली आहे.

आता तू म्हणालीस बोला, तर बोलते. आपल्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात उभं राहून प्रतिज्ञा घेतल्या त्या भिंतीवर टांगायला नव्हे. नजर नावाची वस्तू मला कोणी आणून दाखवावी, मी तिला काट्यावर ठेवून वजन करीन. तुझं बाळ नजरेनं गेलं नाही, पार्वता. ज्या बायांनी त्याला उचललं त्यांच्या हातात प्रेमच होतं. सालेकशाच्या दवाखान्यात न्यायला त्या दिवशी गाडी नव्हती, रस्ता पावसाळ्यातच वाहून गेला होता, आणि गावात ताप मोजायची नळीसुद्धा नव्हती. म्हणून गेलं. ज्यांनी रस्ता करायचा त्यांनी केला नाही आणि पंचवीस वर्षं दोष तू वाहिलास, त्याच्या गुबगुबीत असण्याला दिलास. हा अन्याय मला सहन होत नाही. तो दोष आज खाली ठेव. बाळ गोंडस होतं. मी त्याला उचललं होतं, मला त्याचं वजन अजून आठवतं, आणि ते मी मोठ्याने सांगणार.

एवढं बोलून झाल्यावर स्वतःचंही सांगते. तुझा कापलेला नाडा आला तेव्हा मी काय केलं? तो कपाटात कपड्यांखाली दडवला. कोणाला सांगितलं तर ते खरं होईल असं वाटलं. चाळीस वर्षं अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई! शिवाय इतरांच्या भाषणातल्या खोटेपणावर बोट ठेवणारी मी. आधीच्या नाड्यांची टोकं सरळ कापलेली आणि याचं घाईत तिरपं, हे मला दिसलं नाही. तेव्हा तू आणि मी एकाच बाकावर बसणाऱ्या.

पण एक शिक्षा आहेच. पोरीला एकतीस तारखेला गाडीत बसवायला तू स्वतः स्टेशनवर येशील, आणि कोणी विचारलं तर खरं सांगशील.

तीस नंबर घेतली. पेढे टीनापासून वाटायला सुरुवात केली.

माझ्यावरचा राग जेवणाआधी संपव.
अल्का


गोंदिया,
दि. १० ऑगस्ट २०२५

ती. आईस,
खुशबूचा जयभीम. वि. वि.

मी मजेत आहे. काल पहिलं पूर्ण छत माझ्या हाताने झालं. दुमजली घर, मालक मास्तर आहेत. पॅनल दोघांनी उचलायचं असतं. पलीकडचं टोक दुर्गेशकडे, अलीकडचं माझ्याकडे. सुरुवातीला तो सारखा विचारत होता, जमेल ना, जमेल ना. चौथ्या पॅनलला तोच दम खायला बसला.

मग झालं असं. शेवटची पट्टी आवळायला मी गुडघ्यावर वाकले आणि मागून टर्रर्र! जीन्स बुडापासून मांडीपर्यंत उसवली. भर दुपारी, छतावर, तीन पोरांसमोर. कोणी हसलं नाही, म्हणून जास्त लाज वाटली. मी रेनकोट कमरेला बांधला, पाना पुन्हा हातात घेतला आणि पट्टी आवळली. सगळ्या तारा मीच जोडल्या. खाली येऊन मीटर सुरू केलं, आकडा पुढे सरकला, आणि तेव्हा मात्र दुर्गेश एवढा हसला की मास्तरीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या. शेठ म्हणाले, कपडा कच्चा होता, काम पक्कं आहे.

आत्याला सांगितलं तर ती उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. पायातली चप्पल फाटली तरी ही बाई भाषण करील. टीनाने उसवलेली जीन्स परत घेतली नाही, बोली ती बोली. पण या वेळी आत्याला बाकावर बसवून ढीग मी उपसला. बत्तीस नंबर, काळी, खिसे खोल. मांडीला जरा ढिली आहे, तीही भरेल.

काल वजन केलं. सत्तेचाळीस. हा आकडा कोणाला सांगायचा की नाही, ते तूच ठरव. मी त्या दिवशी ओरडले ते मनात ठेवू नकोस. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही, लिहून कळव.

तुझी,
खुशबू


दरेकसा,
दि. १७ ऑगस्ट

चि. खुशबूले आईचा लाख आशीर्वाद.

तुहं पत्र राजदीपनं तीनदा वाचलं. पँट फाटली तिथं तुहे बाबा इतके हसले का ठसका लागला. स्टेशनवर मी म्हटलं होतं, डब्बा उलटा नोको धरू, रस्सा सांडते. आणखी काही नाही.

काल बोरिंगवर गेली. रांगेत दहा बाया. जमुनाबाईनं इचारलं, पोरगी कशी आहे? मी म्हणणारच होती, आहे तशीच आहे. तोंडापर्यंत आलं. मंग पाण्याचा गुंड खाली ठेवला अन् मोठ्यानं सांगतलं. म्हटलं, सत्तेचाळीस किलो झाली. कंबर बत्तीस. दोन माणसाचं वझं उचलून छतावर नेते, अन् बसली तं पँट फाटते, एवढी तब्येत आहे माह्या पोरीची. पंप मारणारी पंप माराचा थांबली. मी आवाज खाली केला नाही. काऊन करू? खरं तेच तं सांगत होती.

जमुनाबाई म्हणे, मंग आमच्या घरावरबी लावून दे म्हणावं ते पॅनल. मी म्हटलं, तुह्या कवेलूच्या छपरावर माही पोरगी चढली तं कवेलू फुटन, आता ते हलकी राह्यली नाही. आधी पक्कं छत कर, मंग नंबर लाव.

साऱ्या बाया हसल्या. मीबी हसली. गुंड भरून घरी येईपर्यंत हसत होती.

पोटभर खाजो, अन् आईले आठवत राहजो.
तुही आई,
पार्वता